शेवटी चालतं कोणाचं?

फ्रिजवर ठेवलेल्या पाटीवर तांबड्या अक्षरांत ‘पोहे झाले का?’ असं झळकलं, तेव्हा शेजारचे वामनराव दारातच थबकले.

“हे कोणाले विचारून राहिला गा, प्रेमानंद?”

“कोणालेच नाही. चाचणी आहे.”

“चाचणी तं ठीक आहे,” चपला काढत ते म्हणाले. “पण झाले का पोहे?”

पोहे झाले नव्हते. आमच्या घरी पोहे होणं थांबलं त्याला भावनाची बढती कारण. भावना म्हणजे माझी बायको, बँकेत अधिकारी. तिला बढती मिळाली आणि बढतीला शेपूट म्हणून चिपळूण मिळालं. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या माणसाला चिपळूण म्हणजे परदेशच. पासपोर्ट लागत नाही एवढंच. सवयीनं मी अजून सकाळी दोन कप चहा टाकतो. दुसरा कप वाया जाऊ नये ही जबाबदारी वामनरावांनी आपणहून स्वीकारली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे काहीही वाहून जाताना त्यांना बघवत नाही.

आता पाटीचं सांगतो. दुकानांवर, मंगल कार्यालयांवर, दवाखान्यांत सरकत्या अक्षरांच्या दिव्यांच्या पाट्या असतात ना, त्या आमची कंपनी भाड्यानं देते. कोणत्या पाटीवर काय झळकावं हे तिथं जाऊन कोणी लिहीत नाही. त्यासाठी ऑफिसात एक टूल आहे, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचं. इथं बसून लिहायचं, की नागपूर जिल्हाभरच्या पाट्या निमूट ऐकतात. घोळ एवढाच, की पाटीवरचा मजकूर त्या टूलमध्ये एका जागी लिहायचा नसतो. सगळ्या पाट्यांसाठी एक मजकूर असतो. मग दवाखान्यांचा गट, मिठाईवाल्यांचा गट, असा गटापुरता वेगळा. एकाच पाटीपुरता आणखी वेगळा. कामाच्या मूळ फाइलीत कोणी लिहून ठेवला असेल तर तो निराळा. आणि काम सुरू करायचा हुकूम देताना आयत्या वेळी टाकलेला, तो सगळ्यांहून निराळा. एकाच गोष्टीबद्दल एवढी माणसं एवढं बोलल्यावर शेवटी चालतं कोणाचं, याचा एक क्रम ठरलेला असतो. लग्नघरात असतो तसाच. नवरदेवाचा बाप काहीही बोलो, आयत्या वेळी मामा जे म्हणतो तेच होतं.

तर त्या टूलची नवी आवृत्ती आली, आणि मानपानाचा तो क्रम जुनाच आहे की बदलला हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. आमचा मॅनेजर ऋषिकेश वयानं माझ्या भाच्याएवढा. तो म्हणाला, “सर, याच्यासाठी सिनियर माणूसच पाहिजे.” कंटाळवाणं काम सांगताना तो मला सर म्हणतो. एरवी नुसतं प्रेमानंदजी.

चाचणीसाठी एक रिकामी पाटी हवी होती. तसा अर्ज मी केला. तो मंजूर करणारा माणूस कंपनी सोडून गेला होता. त्याच्या जागी दुसरा नेमायला मंजुरी लागत होती, आणि ती त्या गेलेल्या माणसानंच द्यायची होती. मी बरेच दिवस या वर्तुळातून फेऱ्या मारल्या. शेवटी एका मिठाईवाल्यानं परत केलेली पाटी गोदामात सापडली. ती पुसली तरी तिला तुपाचा वास येत होता. ऑफिसात जागा नाही म्हणून मी ती स्कूटरवर पायांशी ठेवून घरी आणली आणि फ्रिजवर उभी केली.

आधी मी शिस्तीनं ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ असे मजकूर लिहिले. पण कोणता कुठं लिहिला हेच माझ्या लक्षात राहीना. तेव्हा वामनरावांनी चहा फुंकत सल्ला दिला.

“आकडे काहून टाकून राहिला? आकडे लक्षात राहत असते तर मी आज चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालो असतो. बोलण्यातलं काही टाक न गा. लक्षात राहते.”

सल्ला चांगला होता. या घरात बोलणं उरलं होतं ते भावनाच्या फोनवरचं. तेच मी टाकलं. सगळ्या पाट्यांसाठीच्या जागी ‘दूध आलं का?’. गटाच्या जागी ‘सिलेंडर लावला का?’. एका पाटीपुरत्या जागी ‘पोहे झाले का?’. मूळ फाइलीच्या जागी ‘दार नीट लावा’. आमचा संसार असा टूलमध्ये बरोबर बसला.

राहिली हुकुमातली, सगळ्यांच्या वरची जागा. तिथं काय लिहावं मला सुचेना. रोज फोनवर आम्ही दूध, सिलेंडर आणि दार बोलतो. मग विषय संपतात. तिच्याकडे मागे रिक्षा वाजते, माझ्याकडे पंख्याचा आवाज येतो. मग ती “ठेवते” म्हणते आणि मी “हाव” म्हणतो. आमच्यात बायकोला ‘तुझी आठवण येऊन राहिली’ असं म्हणायची सोय नाही. म्हटलं, तर ती पहिला प्रश्न विचारेल, ‘बीपी तपासलं का?’ कामाला गेलेल्या माणसाला परत बोलावणंही शोभत नाही. बढतीसाठी अभ्यास करायला तिला मीच बसवलं होतं. जेवणाच्या टेबलावर तिची पुस्तकं आणि मी कुकरसमोर, असे कितीतरी महिने काढले होते.

वामनराव कप विसळून गेल्यावर मी त्या जागी लिहिलं : ‘घरी केव्हा येशील?’ आणि हुकूम सोडला.

पाटी क्षणभर काळी झाली. मग ते वाक्य उजवीकडून हळूहळू सरकत आलं, डावीकडे गेलं, पुन्हा आलं. म्हणजे क्रम बदललेला नव्हता. चाचणी यशस्वी झाली होती. एवढ्यानं उठून अहवाल लिहायला हवा होता, पण मी वेताचा मोडा ओढून पाटीसमोर बसलो. जे कधी तोंडातून निघालं नाही ते समोर तांबडं होऊन फिरत होतं, आणि विचारणारा मी नव्हतो, ती पाटी होती. फार बरं वाटलं. मी किती वेळ तसा बसलो होतो ठाऊक नाही. फोन वाजला तेव्हा चहाच्या भांड्यावर साय धरली होती.

“सर,” ऋषिकेशचा आवाज फाटला होता, “हे काय होऊन राहिलं?”

झालं होतं असं. कोणत्या पाट्यांवर काम चालवायचं, हीसुद्धा टूलच्या दृष्टीनं लिहिलेली एक गोष्टच. मी गटाच्या जागी ‘फक्त घरची पाटी’ असं नीट लिहिलं होतं. पण कोणी कधीकाळी मूळ फाइलीत ‘सगळ्या’ असं लिहून ठेवलं होतं. आधीच्या चाचण्यांत मी हुकुमातच घरच्या पाटीचं नाव टाकत होतो, या वेळी वाक्याच्या नादात ते राहून गेलं. आणि क्रमात मूळ फाइल गटाच्या वर बसते. हे त्याच सकाळी मीच सिद्ध केलं होतं.

जिल्ह्यातल्या आमच्या एकूण एक पाट्या विचारत होत्या, ‘घरी केव्हा येशील?’

मुलींच्या एका वसतिगृहात आमची पाटी जेवणाच्या खोलीत होती. तिथं एकीला रडू आलं, तिचं पाहून दुसरीला, आणि दुपारच्या क्लासला जायच्या वेळी निम्म्या मुली बॅगा भरून बसस्टँडवर उभ्या होत्या. एका खासगी दवाखान्यात पाटी दाखल पेशंटांच्या समोर होती. ते सगळे डिस्चार्ज मागू लागले. एका मंगल कार्यालयात तर नवरी निघायच्या वेळेला दारावरची पाटी सुरू झाली. नवरीची आई आधीच कशीबशी उभी होती. तिनं वर पाहिलं आणि तिथंच बसली. वऱ्हाड म्हणे बराच वेळ खोळंबलं. कार्यालयाच्या मालकानं फोनवर मला जे ऐकवलं त्यातलं एवढंच छापण्याजोगं आहे, “अहो, आम्ही रोषणाई मागवली होती, रडारड नाही!”

मी घाईनं जुने मजकूर परत पाठवले. पाट्या एकेक करून शुद्धीवर आल्या. दोन तेवढ्या ऐकेनात. कळमना बाजारातली एक आणि खापा गावची एक. दोन्हीकडचं इंटरनेट नेमकं माझं वाक्य पोचल्यावर गेलं होतं. ऋषिकेश म्हणाला, “तिथं स्वतः जाऊन बदला. आणि सर, कोणी विचारलं तर तांत्रिक कारण सांगा.” त्या दिवशी त्यानं मला दुसऱ्यांदा सर म्हटलं, म्हणून मला पुढचं भय वाटलं.

वामनराव स्कूटरवर मागे बसूनच होते. “तुले एकट्याले कसा सोडू? माझा साडू राहते खाप्याले.”

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. शालिकराम अडत्यांच्या दुकानावर संत्र्यांचा भाव दाखवणारी आमची पाटी होती. लांबूनच दिसलं, की तिच्यावर भाव नाही.

“तुम्हीच का ते?” शालिकरामजी गादीवरून उठले. “अहो, सकाळपासून माल घेऊन बसलेले लोक ते वाचून उठले! एकानं तं भाव नाही विचारला, ‘द्या जे द्यायचं ते, घरी वाट पाहून राहिले’ म्हणे! आता बाकीचे म्हणतात, अडत्यानंच मुद्दाम लावली पाटी, लोकायले लवकर पळवायले!”

मी तांत्रिक कारण सांगितलं. त्यांनी स्टूल दिलं. पाटी उंच होती, स्टूलचा एक पाय आखूड होता, आणि लॅपटॉपची तार पाटीला जोडायला दोन्ही हात वर करावे लागत होते. अशा अवस्थेत माणसाला प्रतिष्ठा राखणं अवघड जातं. खाली माणसं जमली. वामनरावांनी स्टूल धरलं होतं, पण तोंड धरलं नव्हतं.

“ह्यांच्या मिसेसची बदली झाली न,” ते जमलेल्यांना समजावत होते. “चिपळूणले.”

“म्हणजे रुसून नाही गेली?” एका हमालानं विचारलं.

“नाही, बँकेत आहे.”

“मग बँकेले विचारा न जी. संत्र्याले काहून विचारून राहिले?”

एक म्हातारे शेतकरी म्हणाले, बदलीसाठी साहेबांना भेटावं लागतं. दुसऱ्यानं सांगितलं, भेटून काही होत नाही, अर्ज करावा. तिसऱ्यानं आपल्या मेहुणीच्या बदलीची अख्खी हकिकत सुरू केली. मी स्टूलवर, हात वर, आणि खाली माझ्या संसारावर सभा. शेवटी पाटीवर संत्र्याचा भाव आला. म्हातारे शेतकरी मान वर करून जरा वेळ तो वाचत राहिले. “हे काही तेवढं खास नाही,” म्हणाले, आणि गेले.

खाप्याला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. पार्वतीबाईंचं भांड्यांचं दुकान कन्हान नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होतं. पाटी दुकानाच्या आत, गल्ल्याच्या वर. पार्वतीबाई खाली स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी माझं तांत्रिक कारण काढलं.

“राहू द्या ते,” त्या म्हणाल्या.

“चुकून आलं ते, आई. तुमच्या पाटीवर ‘लग्नाचा बस्ता, भांडी सस्ता’ असं आहे.”

“माहीत आहे. माझ्या रविंद्रनंच लिहून देल्लं ते. त्यानंच बसवली पाटी.” त्यांनी गल्ल्याच्या समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं एक छोटा कॅमेरा होता. “हेही त्यानंच बसवलं, याचं सिम वेगळं आहे. बंगलोरले असते तो. ऑफिस सुटलं का मोबाइलवर दुकान पाहते. गिऱ्हाईक किती आले, मी बसून आहे का उठली, सगळं दिसते म्हणे तिकून.”

“मग?”

“मग पाटी बी दिसन न त्याले.”

माझ्या हातातली तार तशीच राहिली.

“मी म्हटलं असतं तं चिडला असता,” पार्वतीबाई म्हणाल्या. “‘आई, सुटी नाही, आई, काम आहे.’ दरवेळी तेच. म्हणून मी विचारणंच सोडलं. आता पाटीनं विचारलं, त्याले मी काय करू? पाटीवर कसा चिडन तो?” आणि त्या हसल्या. “सायंकाळपर्यंत ठेवा जी. पाहू द्या त्याले एक डाव.”

वामनराव, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर सल्ला देता येतो, ते एका पातेल्याची किंमत वाचत राहिले.

मी लॅपटॉप उघडला. ऋषिकेशला कळवलं, की सर्व पाट्या पूर्ववत झाल्या. ते तितकंसं खरं नव्हतं. पार्वतीबाईंच्या एका पाटीपुरत्या जागी मी ते वाक्य पक्कं लिहून ठेवलं. एका पाटीपुरतं लिहिलेलं गटाच्या वर चालतं, त्यामुळे ऑफिसातून कोणी गटाला काहीही पाठवलं तरी ती पाटी हलणार नव्हती. तिच्या खाली, गल्ल्यावर ठेवलेल्या तिच्या डबीवरचं एक बटण त्यांना दाखवलं, नको वाटलं की दाबा, बस्ता परत येईल. त्यांनी बटण पाहिलं आणि त्याच्यावर एक वाटी पालथी घातली.

परतताना सावनेरच्या अलीकडे भावनाचा फोन आला. मी स्कूटर कडेला घेतली. वामनराव उतरून कपाशीच्या शेताकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे त्यांना सगळं ऐकू येणार होतं.

“काय वं, लवकर सुटली आज?”

“प्रेमिलाताईनं फोटो पाठवला,” ती म्हणाली. प्रेमिला म्हणजे वामनरावांची पत्नी. तिला आमच्या खिडकीतून आमचा फ्रिज दिसतो. “फ्रिजवर काय लिहिलं ते?”

“ते... टेस्टिंग होतं. कोणाचं शेवटी चालते, ते पाहायचं होतं.”

“मग? चाललं का?”

“हाव. चाललं. जरा जास्तच चाललं.”

मग नेहमीसारखी रिक्षा वाजली. पंखा नव्हता, म्हणून माझ्याकडून कापसाच्या शेतातला वारा गेला असेल. मी म्हणालो, “सिलेंडर लावला मी.”

“बरं,” ती म्हणाली. आणि ठेवते म्हणाली नाही. मग म्हणाली, “मले विचारता, केव्हा येशील म्हणून. मीच काहून येऊ दरवेळी? हप्त्यातले तीन वार तुम्ही घरूनच काम करता न? ते घर काय सक्करदऱ्यातच पाहिजे का? मी इथं आल्याबरोबर दोन खुर्च्या घेतल्या. एक रिकामीच आहे. मी म्हटलं, कधीतरी सुचन यायले. पण तुम्ही आपले दुधाचं विचारता.”

मला सुचलं नव्हतं. खरं सांगतो, एकदाही सुचलं नव्हतं. ‘घर’ म्हटलं की माझ्या डोक्यात फ्रिज, गॅलरी आणि तिनं लावलेल्या मोगऱ्याच्या कुंड्या यायच्या. त्या कुंड्यांना पाणी घालत मी तिची वाट पाहत होतो.

“मले वाटलं तुझं काम...”

“वाटलं म्हणे,” ती म्हणाली. “बीपी तपासलं का?”

ऋषिकेशकडे बाहेरगावाहून काम करायची परवानगी मागायला गेलो तेव्हा मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं. मंगल कार्यालयाचा मालक तेव्हा खाली रिसेप्शनला बसून माझी चौकशी करत होता. ऋषिकेश म्हणाला, “चिपळूण? लांब आहे न? मस्त. उद्याच निघा, सर.” एवढ्या लवकर मंजूर झालेला हा आमच्या कंपनीतला पहिला अर्ज.

मोगऱ्याचं पाणी वामनरावांकडे सोपवलं. पाणी हा त्यांचा विषय, त्यामुळे आता तिथं कालवाही निघेल. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा मला गाडीत खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी, डबा कुठं ठेवावा, कोकणात मासे खाल्ले तर काय होतं, हे सगळं सांगून झालं. गाडी हलल्यावर ते अचानक म्हणाले, “सकाळच्या चहाचं काय गा?” आणि मी काही बोलायच्या आत फलाट मागे गेला.

चिपळूणला बँकेत पोचलो तेव्हा भर कामाची वेळ होती. पेन्शनवाल्यांची गर्दी. काचेच्या केबिनमध्ये भावना एका बाईंच्या कागदांवर वाकून बसली होती. केस थोडे पांढरे झाले होते. नाकावरचा चष्मा नवा होता, तो फोनवर कधी दिसला नव्हता. मी बॅग घेऊन दाराशी उभा राहिलो. तिनं वर पाहिलं. क्षणभर पेन थांबलं. मग समोरच्या बाईंकडे पाहिलं, माझ्यामागच्या रांगेकडे पाहिलं, आणि शाखाधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाली, “बसा तिथं. नंबरानं बोलावते.”

शिपायानं मला बाकावर जागा दाखवली. “मॅडमकडं आहे काय तुमचं काम? ह्या आजोबांच्या मागनं तुमचा नंबर हां.”

मी बसलो. काचेतून ती पूर्ण दिसत होती. कोणाला सही कुठं करायची ते दाखवत होती, कोणावर डोळे वटारत होती, मध्येच पाण्याची बाटली उघडून न पिताच बंद करत होती. माझ्याकडे मात्र बघत नव्हती, आणि बघत नसल्याचं अगदी स्पष्ट दिसत होतं.

आजोबा आत जाऊन आले. शिपायानं मला खूण केली. माझ्यामागे एक बाई पासबुक घेऊन केव्हाच्या ताटकळत होत्या.

“तुम्ही व्हा पुढे,” मी म्हणालो.

“अहो, तुमचा नंबर आहे ना?”

“आहे. पण मला घाई नाही.”

त्यांच्यानंतर आणखी एक जण आले. त्यांनाही मी पुढे जाऊ दिलं.